ठणका की कुरकुर

पहाटे चार-सव्वाचारला उजव्या घोट्याने उठवलं. यात नवीन काही नाही, महिन्यातनं चार-पाचदा होतंच, पण उठल्यावर पहिली पाच मिनिटं मी दिवा लावत नाही. अंधारात पडल्या पडल्या घोट्याला विचारत बसतो की बाबा रे, तुझं नक्की काय चाललंय, ठणका आहे की कुरकुर? कारण ठणका असेल तर उठायचं, फ्रीजमधून फॅक्टरची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाची व्हायल काढायची, जरा बाहेर ठेवून तिचा गारठा जाऊ द्यायचा, मग नस शोधायची आणि टोचून घ्यायचं. कुरकुर असेल तर पायाखाली उशी सरकवायची आणि कूस बदलायची. चुकलं तर दोन्हीकडून मार आहे. ठणक्याला कुरकुर समजलो तर दुपारपर्यंत घोट्याचा नारळ होतो. कुरकुरीला ठणका समजलो तर हजारो रुपयांचं औषध उगाच नसेत जातं, आणि ते फुकट मिळालेलं असलं तरी पुढच्या वेळेला लागणारच असतं ना.

मला सिव्हिअर हिमोफिलिया ए आहे. म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीत जे आठ नंबरचं असतं, फॅक्टर एट, ते माझ्या रक्तात एक टक्क्यापेक्षाही कमी आहे. नऊ नंबरचं कमी असलं की हिमोफिलिया बी. लोकांना वाटतं यांना जरा कुठे खरचटलं की धो धो रक्त वाहणार, ऑफिसात नवीन कोणी आलं की माझ्या टेबलावरचा पेपरकटर हळूच उचलून लांब ठेवतात, मला हसू येतं. दाढी करताना कापलं तर माझंही थांबतं हो, थोड्या वेळाने. आमचं खरं रक्त जातं ते आत, जिथे कोणाला दिसत नाही तिथे. गुडघा, घोटा, कोपर. आणि त्याला पडावंच लागतं असं नाही, रात्री नीट झोपलेला माणूस सकाळी भरलेला गुडघा घेऊन उठतो.

आमच्याकडे हे आजोळकडून आलं. आई वाहक, तिचा भाऊ पेशंट, मग मी. तीनात साधारण एका घरात मागे कोणालाच नसतं, जनुकात नव्यानेच बिघाड होतो, त्या लोकांना बिचाऱ्यांना मूल रांगायला लागून गुडघ्यावर निळे-काळे डाग दिसेपर्यंत पत्ताच नसतो. आम्हाला पत्ता होता. आम्हाला मामा होता.

मामा नारायण पेठेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहायचा. जुन्या वाड्यांचे ते जिने ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको, अंधारे, उभे, धरायला एक लोंबता दोर. मामाचा डावा गुडघा वाकलेल्या स्थितीतच कायमचा धरला होता, सरळ व्हायचा नाही आणि पुढे वाकायचाही नाही, त्यामुळे मामा जिना बसून उतरायचा, एकेक पायरी, पायजम्याचा मागचा भाग कायम मळलेला. पण सायकल चालवायचा! उजव्या पायाने पॅडल मारायचं आणि डावा पाय नुसता बाजूला धरून ठेवायचा. पुण्यात तेव्हा सायकलींचा असा पूर असायचा की त्यात एका पायाची सायकल कोणाच्या लक्षातही यायची नाही, असं तोच म्हणायचा.

तर हे दोन शब्द मामाचे. मी पाचेक वर्षांचा असताना रडत रडत नुसतं दुखतंय दुखतंय करायचो, तेव्हा त्याने मला समोर बसवलं आणि म्हणाला, हे बघ, दुखतंय हे सगळी पोरं म्हणतात, आपल्याला नीट बोलावं लागतं. मग त्याने शिकवलं. सगळ्यात आधी मुंग्या. सांध्यात सूज नाही, काही नाही, पण आत जरा गरम, जरा मुंग्या, जरा भरल्यासारखं. ते आलं की लगेच आईला सांगायचं, खेळ अर्धा टाकून. त्यानंतर ठणका, तो दर मिनिटाला वाढतो, आपण निजलो तरी तो निजत नाही, आणि नाडीसारखा ठोके देतो. आणि कुरकुर, ती जुन्या दुखण्याची, सकाळी जास्त, चार पावलं टाकली की जरा कमी, पायऱ्या चढलो की परत. कळ म्हणजे चुकीचा पाय पडला की मस्तकात जाते ती. चमक येते आणि जाते, तिच्याकडे बघायचं नाही. मला आजपर्यंत एकाही डॉक्टरने याहून चांगला तक्ता दिला नाही. (मुंग्यांना इंग्रजीत ऑरा म्हणतात हे मला पुढे तिशीत कळलं, तेव्हा मामाची फारच आठवण आली.)

पण मुंग्या कळून उपयोग काय होता म्हणा. ऐंशीच्या दशकात घरात फॅक्टर ठेवणं वगैरे काही नव्हतं. क्रायो असायचं. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला की तळाशी जो चिकट साका राहतो त्यात फॅक्टर एट असतं, हे अमेरिकेत ज्युडिथ पूल नावाच्या बाईंनी १९६४ च्या सुमाराला शोधलं होतं, आणि वीस-पंचवीस वर्षांनी आम्ही त्याच्याच पिशव्यांसाठी ब्लड बँकेच्या बाकावर बसलेलो असायचो. पिशव्या आहेत का, किती आहेत, वितळायला किती वेळ, बेड आहे का. आई मला कडेवर घेऊन रिक्षाने यायची तोवर मुंग्यांचा ठणका झालेला असायचा, आणि पिशवी लागेपर्यंत गुडघा टरटरीत. घरी परत आल्यावर बर्फ. वाड्यात फ्रीज एकाच घरात होता, ते लोक सुट्टीला गेले की बाबा कोपऱ्यावरच्या रसवंतीगृहातनं बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणायचे. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की बाकीच्यांना उसाचा रस आठवतो, मला अजून गुडघा आठवतो.

आत काय होतं ते मला कोणीतरी कॉलेजात असताना समजावलं. सांध्याच्या आतनं एक पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम, ते सांध्याला वंगण पुरवतं. सांध्यात रक्त झालं की ते उचलून साफ करायचं कामही त्याचंच. पण रक्तात लोह असतं आणि ते लोह या अस्तरातच साचून राहतं, मग अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या पहिल्यापेक्षाही लवकर फुटतात. म्हणजे एकदा रक्त झालेला सांधा परत परत रक्त करायला लागतो. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीनदा आपोआप रक्त झालं की त्याला टारगेट जॉइंट म्हणायचं. आम्ही पोरं एकमेकांना विचारायचो, तुझा टारगेट कुठला रे? माझा डावा गुडघा, मग उजवा घोटा. आणि या सगळ्यात हाडांच्या टोकावरचं कार्टिलेज खरवडत जातं, ज्याला स्वतःची ना रक्तवाहिनी ना मज्जातंतू. हे ऐकून मला फार विचित्र वाटलं होतं. म्हणजे जे खरोखर झिजत होतं ते गप्प होतं. अस्तर ओरडत होतं, हाड ओरडत होतं, कार्टिलेज मुकाट संपलं. दोन ठणक्यांच्या मधले जे दिवस मी चांगले दिवस म्हणून मोजायचो, त्या दिवसांतही ते चालूच होतं.

नऊ वर्षांचा असताना ओळखीतल्या एकांच्या आग्रहाखातर माझ्या भरलेल्या गुडघ्याला एका माणसाने तिळाच्या तेलाने मालिश केलं. सद्भावनेने केलं, पैसेही घेतले नाहीत. पुढचे दोन महिने मी शाळेत गेलो नाही. त्यांना आता दोष देण्यात अर्थ नाही, सूज आली की चोळायचं हे घराघरातलं ज्ञान आहे आणि बाकी सगळ्यांच्या बाबतीत ते बहुतेक बरोबरच असतं. तसंच गोळ्यांचं. ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅक नाही, कारण त्यांनी प्लेटलेटचं कामही बिघडतं आणि आमच्याकडे आधीच एक खांब कमी. उरते पॅरासिटामोल. पन्नाशीतल्या माणसासारखे सांधे घेऊन पंचविशीत पॅरासिटामोल खाणं म्हणजे आग लागल्यावर तांब्याने पाणी मारणं. आणि बाकी इंजेक्शनं दंडात, कमरेत, म्हणजे स्नायूत घ्यायची नाहीत, हे प्रत्येक नवीन नर्सला मी हात वर करून सांगतो.

हात वर करून म्हणजे डावा. उजवा पूर्ण वर होत नाही. कोपराचं दुखणं लोकांना कळतच नाही, कारण त्याने माणूस लंगडत नाही. माझं उजवं कोपर वाकतं बऱ्यापैकी पण फिरत नाही, तळहात आकाशाकडे करता येत नाही. करून बघा, दिवसभरात किती वेळा तळहात वर करता ते. वाण्याने सुटे पैसे दिले की मी डावा हात पुढे करतो. सत्यनारायणाला तीर्थ देताना गुरुजी पळी घेऊन थांबतात आणि मी डावा हात काढतो की त्यांच्या भुवया वर जातात, मग आई घाईघाईने म्हणते, त्याचा हात दुखतो हो. दुखत नाही गं आई, फिरत नाही. हे दोन वेगळे आहेत. पण आता तिलाही ऐंशीच्या घरात हे काय समजावत बसू.

मोजमापाकडे येतो. पंधरा-वीस वर्षांत एक प्रश्न सगळीकडे आलाय, दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. प्रश्न चांगल्या हेतूचा आहे पण माझी पंचाईत होते. माझा दहा ठरलेला आहे, एकोणिसाव्या वर्षीचा. उजव्या कुशीत, पोटाच्या मागे जो जाड स्नायू असतो त्यात रक्त झालं होतं, सोआस म्हणतात. मांडी पोटाशी वाकलेलीच, सरळ केली की किंकाळी, आणि दुखण्याची जागा अगदी अपेंडिक्सची. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी चालवली होती, बाबांनी दारात आडवं उभं राहून आधी फॅक्टर, आधी फॅक्टर एवढंच लावून धरलं. सोनोग्राफीत काय ते दिसलं आणि वाचलो, मांडीचा पुढचा भाग मात्र कितीतरी महिने बधिर होता. तर तो दहा. त्याच्यापुढे रोजचा घोटा किती? मी म्हणतो तीन. समोरचा लिहितो तीन आणि पुढच्या पेशंटकडे वळतो. पण हा तीन गेली बावीस वर्षं आहे हो, रविवारची सुट्टीही घेत नाही. त्याला कुठल्या कॉलममध्ये लिहायचं?

एक्स-रेचं तर वेगळंच गणित, तिथे पेटरसन स्कोअर असतो, जितका जास्त तितका सांधा खराब, एका सांध्याला जास्तीत जास्त १३. माझ्या घोट्याला ११ मिळालेत, शाळेत कधी एवढे पडले नाहीत. पण गंमत अशी की ११ वाला सांधा कधी कधी गुपचूप असतो आणि ४ वाला रडवतो. फोटो आणि दुखणं यांचं जमतंच असं नाही.

आता माझी फजिती. चारेक वर्षांपूर्वी एका तपासणीला डॉक्टरबाईंनी छोटं अल्ट्रासाऊंड मशिन आणलं होतं. त्या म्हणाल्या, आता दुखेल तेव्हा फॅक्टर घ्यायच्या आधी या, आपण आत रक्त आहे का ते बघू. मला आतून जरा रागच आला. चाळीस वर्षं या शरीरात राहतोय, मामाचा तक्ता पाठ आहे, मला मशिन काय सांगणार! पंधरा दिवसांत घोटा ठणकला, मी ताठ मानेने गेलो, शंभर टक्के ब्लीड आहे म्हणालो. बाईंनी जेल लावलं, इकडून तिकडून बघितलं. रक्ताचा थेंब नाही. अस्तर सुजलेलं, बाकी जुनंच. दोन महिन्यांनी दुसऱ्या कामाला गेलो असताना म्हणालो घोटा जरा कुरकुरतोय, पण ते नेहमीचं. त्यांनी सहज लावलं आणि तिथे ताजं रक्त होतं.

बाई समजुतीने म्हणाल्या की हे सगळ्यांचंच होतं, जुन्या सांध्यात पेशंटचा आणि डॉक्टरचा दोघांचाही अंदाज बरेचदा चुकतो. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हुळहुळी होते, छोट्या निरोपाचा मोठा गजर वाजवते. मी हो हो म्हणालो. घरी येताना मेट्रोत बसून मात्र मला गलबलून आलं. फॅक्टर वाया गेलं याचं नाही, किती तरी वेळा गेलं असणार. पण मला वाटायचं या आजाराने बाकी सगळं नेलं, क्रिकेट, मांडी घालून पंगतीला बसणं, सिंहगड, पण ही एक गोष्ट मला दिली की मी माझ्या दुखण्याचा जाणकार आहे. तर तेही अर्धंच खरं निघालं.

आणि अजून एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली, जी मी कधी मोठ्याने बोललो नव्हतो. मला ते रक्त असायला हवं होतं. ठणक्याला मान आहे. ठणका असला की घरात धावपळ होते, ऑफिसात रजा मिळते, औषध असतं. त्याचं गणितही किती स्वच्छ आहे, वजन गुणिले हवे तेवढे टक्के भागिले दोन, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला चाळीस टक्के वाढवायचं तर १४०० युनिट, आठ ते बारा तासांत त्यातलं निम्मं उडून जातं, परत द्या. कुरकुरीला काय आहे? कुरकुरीला म्हणतात, थंडी वाढली की होतं. व्यायाम करा, पोहा, मांडीचे स्नायू मजबूत ठेवा. सगळं खरं आहे बरं का, मी टिळक टँकवर जातो, पाण्यात मला सांधेच नसतात असं वाटतं. पण बाहेर आल्यावर कपडे बदलायच्या खोलीपर्यंत ती परत येऊन उभी असते. बसमध्ये राखीव सीटवर बसलो की एखाद्या आजी वरपासून खालपर्यंत बघतात, धडधाकट दिसतो मी. २०१६ च्या कायद्यात हिमोफिलिया दिव्यांगांच्या यादीत आलाय, माझ्याकडे कार्ड आहे, पण आजींना कार्ड कसं दाखवणार, मी उठतो. ठणका असता तर उठलो नसतो कदाचित.

डावा गुडघा बदलून घेतला त्याला सहा वर्षं झाली. ऑपरेशनला फॅक्टरची आठवडे पुरेल अशी बेगमी लागते, ती जमवण्यातच दीड वर्ष गेलं. आता तो गुडघा दुखत नाही, भरत नाही, पावसाळ्यातही काही म्हणत नाही. धातू आहे. आमचं बोलणं बंद आहे. बरंच आहे ते, पण कधी कधी पहाटे घोट्याशी बोलताना वर गुडघ्यापाशी एकदम शांतता लागते तेव्हा कसंतरीच होतं.

मामा शहाण्णव साली गेला, डोक्यात रक्तस्राव होऊन. आता मी मामा आहे. ताईचा मुलगा सात वर्षांचा, माझ्यासारखाच सिव्हिअर. ताई पोटुशी होती तेव्हापासून घरात सगळे आतून घाबरलेले, आई तर बर्फाचे ट्रे आणून ठेवत होती. आणि तसं काही झालंच नाही. सांधे बिघडायच्या आधीपासून नियमित औषध द्यायचं हे स्वीडनमध्ये १९५८ पासून करत होते, अमेरिकेतला अभ्यास २००७ साली आला, ६५ लहान मुलगे घेतले होते, सहाव्या वर्षी एमआरआय काढले तर नियमित फॅक्टर मिळालेल्यांत ९३ टक्क्यांचे सांधे चांगले आणि दुखेल तेव्हाच घेणाऱ्यांत ५५ टक्क्यांचे. हे वाचलं तेव्हा मी स्वतःला दुसऱ्या गटात मोजून बघितलं, आणि मग लक्षात आलं की त्या पोरांना दुखल्यावर तरी भरपूर मिळत होतं, आम्ही त्या गटातही नव्हतो. भाच्याला तर नसच शोधावी लागत नाही. एमिसिझुमॅब, चौदा दिवसांतनं एकदा मांडीच्या कातडीखाली, इन्सुलिनसारखं. ते फॅक्टर एट नाहीच, पण त्याची जागा धरून बाकीची साखळी जोडून देतं. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं. मोठं लागलं तर फॅक्टर लागतंच, ते घरात आहे. पण त्याला आजपर्यंत एकही सांध्याचं ब्लीड झालेलं नाही.

मागच्या रविवारी त्याला पर्वतीवर नेलं. नेलं म्हणजे मी बऱ्याच पायऱ्या चढलो, रुंद आहेत त्या, घोट्याला बऱ्या पडतात, आणि मग बाजूच्या कठड्याला टेकून बसलो. तो वर पळत गेला, खाली पळत आला, परत गेला. तिसऱ्या वेळेला धडपडला आणि गुडघ्यावर आपटला. माझ्या पोटात गोळा. लंगडत जवळ आला, खरचटलं होतं, दोन थेंब रक्त. मी मामाच्या आवाजात विचारलं, कसं दुखतंय रे? ठणकतंय का? मुंग्या येतायत? आत गरम वाटतंय?

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मामा, दुखतंय म्हणजे दुखतंय. कसं काय असतं त्यात?

मी पट्टी लावली, दहा मिनिटं दाबून धरली, थांबलं. त्याने मधेच विचारलं, मुंग्या म्हणजे खऱ्या मुंग्या? मी म्हटलं नाही रे, जाऊ दे. मग तो उठला आणि म्हणाला आता मी नीट मोजतो, आणि हळूहळू मोठ्याने आकडे म्हणत वर गेला. खाली येऊन म्हणाला, ९८. मी म्हटलं अरे १०३ आहेत, अख्ख्या पुण्याला माहितीये. तो म्हणाला, तू मोजल्यास का?

मी वरपर्यंत कधी गेलो नव्हतो, त्यामुळे भांडता येईना.